कालवफोड्या, एक

आमच्या घरी पक्ष्यांची एक वही आहे. खाकी पुठ्ठ्याची, लांबट, शाळेत हजेरीला असते तसली. तिच्यातले अक्षर माझे आणि पक्षी माझ्या नवऱ्याचे. कणकवलीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून इथे मीही मास्तरच म्हणते. ते शाळेत विज्ञान शिकवत, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. त्यांचे अक्षर इतके वाईट की फळ्यावर लिहिलेले तासाच्या शेवटी त्यांना स्वतःलाच वाचता येत नसे, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातच कामाची वाटणी ठरून गेली. त्यांनी दुर्बिणीतून बघायचे आणि सांगायचे, मी मान खाली घालून लिहायचे.

हे वर्षातून एक दिवस. दिवाळी उलटली, उत्तरेकडचे पक्षी किनाऱ्यावर उतरले, की देवबागेला कर्लीच्या खाडीच्या तोंडाशी जायचे. ओहोटीला तिथे वाळूचे एक बेट उघडे पडते आणि भरतीला पुन्हा पाण्याखाली जाते. दर पावसाळ्यानंतर त्याचा आकार निराळा असतो. एखाद्या वर्षी लांब, एखाद्या वर्षी मधेच तुटलेले, मधल्या खळग्यात पाणी साठून राहिलेले. मास्तर मात्र दर वर्षी त्याच जागी उभे राहिल्यासारखे उभे राहत आणि बोलायला लागत. कुरव, चाळीसेक. सुरय, नऊ. चिखल्या, मोजता येत नाहीत, पुष्कळ लिही.

तीस वर्षांत मी किती नावे लिहिली असतील. पण खरे सांगायचे तर मी पक्षी पाहिले नाहीत. एक नाव लिहून होते तोवर दुसरे येई, आणि मान वर करावी तर तो पक्षी उडालेला असे. मला त्याचे वाईटही वाटत नसे. पिशवीत पुस्तक असायचे. दोन पक्ष्यांच्या मधल्या वेळात मी दोन परिच्छेद वाचून घेत असे. वारा, पाण्याचा बारीक आवाज, मास्तरांचा त्याहून बारीक आवाज आणि मांडीवरचे पान, एवढ्यात माझा दिवस भरून जाई.

मास्तर चैत्रात गेले. सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. एका बातमीवर ते काहीतरी बोलतील अशी माझी खात्री होती. बोलले नाहीत म्हणून मी वर पाहिले.

श्रावणात कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या बाई भेटायला आल्या. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, पण बोलणे जपून. त्यांनी वहीबद्दल ऐकले होते. एकाच जागेची, एकाच ऋतूतली, एवढ्या वर्षांची नोंद या किनाऱ्यावर दुसरी कुठे असेल असे त्यांना वाटत नव्हते. आता मोबाईलवर पक्ष्यांची मोठी यादी असते, जगातले लोक तिच्यात भर घालतात. या वहीतले सगळे त्या तिथे उतरवून घेणार होत्या. उद्या कोणी या खाडीबद्दल काही म्हणायला गेले तर या वहीवर विसंबून म्हणेल, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, देते, पण या हिवाळ्याचे पान भरल्यावर. शेवटचे पान कोरे ठेवून वही घराबाहेर द्यायला माझा हात होत नव्हता. मग आमचे ठरले. दिवाळी उलटल्यावर मी एका शनिवारी बेटावर जाणार होते आणि त्या सोमवारी वही न्यायला येणार होत्या.

पक्षी ओळखायचे कोणी, हा प्रश्न मला शनिवारपर्यंत पडला नाही. नावे तर मला सगळी पाठ होती.

पहिल्या एसटीने मालवणला आणि तिथून रिक्षाने देवबागेला पोहोचले तेव्हा पर्यटकांच्या होड्या अजून झोपलेल्या होत्या. नारिंगी जाकिटे दोरीवर वाळत घातलेली होती. आमचा होडीवाला तोच, पहिल्या वर्षापासूनचा. तेव्हा विशीत होता, आता केस पांढरे झालेत आणि होडीला इंजिन बसले आहे. डॉल्फिनवाले उठायच्या आधी येवा, असे त्याने फोनवर बजावले होते. मला येताना पाहून तो उठला, माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे एकदा बघितले आणि पिशवी हातातून घेतली. चहा झाला का विचारले. मी म्हटले, झाला, पण अजून अर्धा कप चालेल. तो हसला.

"वैनी, तीस वर्सां झाली. तुमची भाषा अजून घाट उतराक नाय."

मी साताऱ्याकडची. मालवणी मला सगळी कळते, पण तोंडातून येत नाही. आली तर पुस्तकात वाचल्यासारखी येते. हा टोमणा तो दर वर्षी मारतो. या वर्षीही मारला याचे मला बरे वाटले.

होडी पाण्यात ढकलण्याआधी तो गाऱ्हाणे घालतो. इकडे कुठल्याही कामाआधी देवाला असे मोठ्याने सांगायची रीत आहे. एकाने म्हणायचे आणि सोबतच्यांनी होकार द्यायचा. होकार द्यायचे काम मास्तरांचे असे. देवाधर्माचे त्यांना फार नव्हते, पण हे "व्हय म्हाराजा" ते अगदी खणखणीत म्हणत. होडीवाल्याने टोपी काढली, समुद्राकडे तोंड केले.

"बा देवा म्हाराजा, दर वर्सासारी आज वैनी इली आसा. मास्तर तुझ्याकडे इलेत, ता तुका ठावक आसा. वैनीन वही आणल्यान हा. तिचा पान रिकामा ऱ्हवा नये, असा कर रे म्हाराजा."

मग तो थांबला. लाटेचे पाणी दोनदा होडीच्या लाकडाला लागून मागे गेले, तेव्हा माझ्या लक्षात आले की तो माझ्यासाठी थांबला आहे. मी "व्हय म्हाराजा" म्हटले. त्याने मागे न बघता होडी ढकलली.

बेटावर उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळे होते आणि पाण्यावर धुरकट पांढरे काहीतरी पसरलेले होते. पलीकडची भोगव्याची टेकडी त्यात अर्धी होती, अर्धी नव्हती. नदीचे पाणी कुठे संपते आणि समुद्राचे कुठे सुरू होते हे रंगावरून कळायचे, पण त्या सकाळी सगळे एकाच रंगाचे होते. ओल्या वाळूत आकाश उतरलेले होते आणि त्यावर, दूरवर, पुष्कळ लहान लहान काहीतरी हलत होते. सगळे मिळून एकदा डावीकडे धावत, मग लाट मागे गेली की उजवीकडे. पावलांचा आवाज नाही. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. आपण कशासाठी आलो आहोत हे मला आठवेना, आणि आठवायची घाईही वाटेना.

मग दुर्बीण काढली. डोळ्यांना लावली तर समोर नुसता दुधासारखा पांढरेपणा. काच पुसली तरी तेच. पाहते तर मधले चाक एका टोकाला गच्च फिरवून ठेवलेले होते. इतके दिवस पेटीत पडून राहिली म्हणून असेल, असे म्हणून मी ते हळूहळू मागे फिरवले. पांढऱ्यातून काळे ठिपके आले, ठिपक्यांना पाय फुटले.

कावळा मी ओळखला. बगळा ओळखला. तांबड्या पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार वरून गेली, तीही ओळखली. त्यानंतर माझे ज्ञान संपले. चिखल्या, तुतवार, सुरय, कुरव, कोरल, मोरघार ही सगळी नावे डोक्यात होती, समोर सगळे पक्षी होते, आणि कुठले नाव कुणाचे याचा पत्ता नव्हता. ग्रंथालयात एका वर्षी वाळवी लागली तेव्हा आम्ही एक कपाट रिकामे केले होते. त्याची कार्डे मात्र पेटीत तशीच, नीट अनुक्रमाने, कितीतरी महिने होती. मला ती पेटी आठवली. मी छत्रीखाली बसले, वही उघडली, तारीख घातली, भरती-ओहोटीची वेळ घातली, वारा कुठला ते लिहिले. पुढे काय लिहावे सुचेना.

होडीवाला मागे उकिडवा बसून जाळ्याची एक गाठ सोडवत होता. त्याने हातातले काम खाली ठेवले. मग, मी काही विचारले नसताना, समोर बघत सांगायला लागला.

"कावळ्यापेक्षा मोठो. पाय लांब, राखी. चोच लांब आणि खाली वाकलेली, कोयत्यासारी. एकटोच आसा. चिखलात चोच घालता, वायच चलता, परत घालता."

"कोरल," मी म्हटले.

नाव आपसूक आले. त्याने मान हलवली आणि पुढचे सांगितले. चिमणीपेक्षा थोडे मोठे, पाय काळे, चोच आखूड, थव्याने, धावतात नि एकदम थांबतात. चिखल्या. पारव्याएवढा, पाय हिरवट, चोच सरळ आणि किंचित वर गेलेली, पाण्यात घोट्यापर्यंत उभा. तुतवार. पुढच्या दोन पक्ष्यांचे मी आधी नाव घेतले आणि मग दुर्बिणीतून पाहिले, आणि कितीतरी वर्षे पत्राने ओळखीचे असलेले माणूस दारात उभे राहावे तसे ते पक्षी दिसले. सुरय किती हलका असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. वाऱ्यावर जागच्या जागी थरथरत थांबतो, खाली बघतो आणि मग स्वतःला पाण्यात टाकून देतो. मी लिहीत होते, वर बघत होते, पुन्हा लिहीत होते. अर्धा तास गेला असेल, तासही गेला असेल. ऊन वाढत होते, धुके उचलत होते, तो सांगत होता आणि मी नाव घेत होते. इतक्या महिन्यांत मला असे निवांत वाटले नव्हते.

सहावे का सातवे नाव लिहिताना माझी लेखणी थांबली. आकार, पाय, चोच, मग काय करतो. तो प्रत्येक पक्षी याच क्रमाने सांगत होता. हा क्रम मास्तरांचा होता. वहीतले सगळे शेरे याच क्रमाने लिहिलेले आहेत. पायाच्या आधी चोच सांगितलेली एकही नोंद नाही. आणि हा माणूस असे सांगत होता की जणू त्याला याची कितीतरी वर्षांची सवय आहे. कुठे थांबायचे, माझ्याकडून नाव येईपर्यंत किती वाट बघायची, सगळे त्याला ठाऊक होते.

मी विचारले, "मास्तरांनाही असंच सांगायचास का?"

त्याने जाळे पुन्हा मांडीवर घेतले. गाठ सुटलेली होती, तरी तिच्यात बोट घालून बसला.

"तेंका दिसत नाय होता, वैनी. दोन वर्सां."

मग हळूहळू सगळे सांगितले. त्यातल्या पहिल्या वर्षी मास्तर दुर्बीण लावून उभे होते आणि जिकडे पक्षी होते तिकडे त्यांची दुर्बीण नव्हती. त्याला वाटले, थट्टा करताहेत. जवळ जाऊन विचारले तर हसले आणि म्हणाले, शाळेत सूक्ष्मदर्शकातून मुलांना जे दिसायचे नाही ते मी 'दिसते' म्हणून वदवून घेत असे, त्याची फेड आहे. बाजूचे थोडे दिसे, म्हणून चालता येत असे. मधले सगळे पुसून गेले होते. मग त्यांनी याला उभे करून शिकवले, काय बघायचे, कुठल्या क्रमाने सांगायचे. हा सांगे, ते नाव ठरवत, आणि दहा-बारा झाले की वाळूतून माझ्याकडे येऊन एकदम लिहायला देत.

ते मला आठवले. वाळू मऊ आहे, पाय रुततात, तू होडीजवळ सावलीत बस, असे ते दोन वर्षे म्हणत होते. स्कूटर सोडली ती हायवेच्या कामाने रस्ता खराब झाला म्हणून. पेपर मी वाचायचा तो माझा आवाज ऐकायला बरे वाटते म्हणून. डोळ्याच्या पडद्याला जरा सूज आहे, थेंब दिलेत, असे डॉक्टरांकडून आल्यावर म्हणाले, आणि मी थेंब घालत होते, रोज, दोन वेळा, त्या डोळ्यांत बघून. मला तेव्हाही न बघता नुसते लिहून घ्यायचीच सवय होती बहुतेक.

"मला का नाही सांगितलं?"

"माका म्हणाले, वैनीक सांगू नको. कळला तर ती लिवचा सोडीत."

लहान पक्ष्यांचा तो थवा उठला, पाण्यावर एक वळण घेतले. वळताना पोटे पांढरी चमकली आणि सगळा थवा दिसेनासा झाला. मग पुन्हा दिसला आणि उतरला.

मी मागची दोन पाने काढली. तेहेतीस नावे. माझ्या अक्षरात, शेऱ्यांसकट. यातले खोटे काय, असे मी स्वतःला विचारले. डोळे याचे होते, आणि ते डोळे साधे नव्हेत. पाण्याचा रंग किंचित बदलला तर खाली मासा आहे हे त्याला होडीतून दिसते. नावे मास्तरांची होती, आणि नावात ते चुकत नसत. माझे मन जरा सैल झाले. मग गेल्या वर्षीच्या पानाच्या तळाशी माझे बोट आले.

कालवफोड्या, एक.

पुढे चांदणी. ती मीच काढली होती.

हा पक्षी काळापांढरा, त्याची चोच लांब आणि गाजरासारखी लाल. कालवे फोडून खातो म्हणून मास्तर त्याला हे नाव देत. या किनाऱ्यावर इतरत्र कोणाकोणाला तो दिसला होता, पण आमच्या बेटावर कधी नाही. दर वर्षी होडीत बसताना मास्तर म्हणत, बघू यंदा तरी येतो का. आणि गेल्या वर्षी, निघायच्या वेळी, ते वाळूतून जवळजवळ धावत आले होते. चाचपडत नव्हे, धावत. लिही, म्हणाले. मी लिहिले. इतके खूश झालेले त्यांना मी पाहिले नव्हते, म्हणून चांदणी काढली.

त्या ओळीपुढे शेरा नाही. पाय नाहीत, चोच नाही, काय करत होता ते नाही. माझ्या हे इतक्या महिन्यांत लक्षात आले नव्हते.

मी वही होडीवाल्याकडे वळवली. त्याला वाचता येते, पण त्याने वाचले नाही. मी काय विचारणार हे त्याला कळले होते.

"हो माका दिसाक नाय," तो म्हणाला. त्या दिवशी पाणी चढायला लागले होते म्हणून तो नांगर सोडवायला गेला होता. परत आला तेव्हा मास्तर मला लिहायला सांगत होते. "आवाजान वळाकलो आसतलो," तो जरा थांबून म्हणाला. "मास्तर आवाज बरे वळकत."

तसे असेल. तसे नसेलही. मी आठवून बघितले, त्या क्षणी काही ओरडल्याचे ऐकले होते का. मला पुस्तकातला परिच्छेद आठवला, पक्षी नाही.

दुपारी आम्ही जेवलो. मी घावणे आणि चटणी नेली होती. त्याच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुंगटांची किसमूर आली होती, सुक्या कोळंबीत खोबरे-कांदा कालवून करतात ती. किसमूर जरा जास्तच तिखट होती. बायको रागावलेली असली की असे होते, असे तो म्हणाला, आणि मास्तर असते तर त्यांनी त्याला रागाचे कारण विचारून ते वहीत लिहायला लावले असते, असेही म्हणाला. आम्ही हसलो. लांबवर पर्यटकांच्या होड्या सुटल्या होत्या, त्यांची गाणी वाऱ्याबरोबर येत होती आणि जात होती. एक मोरघार पायात मासा धरून आमच्या डोक्यावरून गेली. मासा अजून हलत होता. तिचे नाव मी कोणी न सांगता घेतले.

मग ऊन जड झाले. पक्षी एका पायावर उभे राहिले, चोची पाठीत खुपसून. सगळे बेट झोपल्यासारखे झाले, आणि मी उघड्या वहीपुढे बसून होते. सोमवारी या वहीवर कोणीतरी विसंबणार होते. मास्तर गेले, आता त्यांच्याबद्दल कोणी काही तपासणार नाही. एक पक्षी आला होता असे राहिले तर कोणाचे काय बिघडते. होडीवाल्यानेही हेच बोलून दाखवले. त्याने पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "मी बगलंय म्हणान लिवा. माका कोण इचारूक येता? मास्तरांचो एक पक्षी ऱ्हवलो, तर खाडयेचा काय जाता?"

तो मनापासून म्हणत होता. मी हो म्हटले असते तर जन्मभर त्याने तो पक्षी पाहिला असता, आणि विचारणाऱ्याला पाय, चोच सगळे सांगितले असते.

पण मला एक जुने वर्ष आठवत होते. त्या वर्षी मी एकदाच मान वर केली होती आणि डोक्यावरून एक प्रचंड पक्षी जाताना पाहिला होता. पोट पांढरे. मी ओरडलेच, समुद्रगरुड. मास्तरांनी पाहिला नव्हता. शेपूट कशी होती, त्यांनी विचारले. मला सांगता येईना. मग लिही, पण पुढे प्रश्नचिन्ह घाल, म्हणाले. मी म्हटले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. ते म्हणाले, शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह, मग पाहणारा कोणी का असेना. मालवणच्या स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नव्हते. ते प्रश्नचिन्ह वहीत अजून आहे.

त्यांचे डोळे गेले होते. माझ्याशी ते दोन वर्षे खोटे वागले होते, आणि कशासाठी तेही आता मला माहीत होते. पण वहीत त्यांनी कधी काही फुकटचे घातले नव्हते, त्या एका ओळीपर्यंत. त्या ओळीत त्यांनी खरोखर काही ऐकले असेल तर मी त्यांच्यावर अन्याय करत होते. ऐकले नसेल, नुसते हवे म्हणून सांगितले असेल, तर तेही मला समजत होते. त्यातले खरे कुठले हे मला कळायची वाट उरली नव्हती. ही वही ज्याला शंका म्हणते ती हीच.

मी पेन्सिल घेतली आणि कालवफोड्याच्या पुढे, चांदणीच्या आधी, प्रश्नचिन्ह घातले. चांदणी खोडली नाही. वहीत मी त्यांच्या सांगण्याविरुद्ध लिहिलेले तेवढे एकच.

मग त्या दोन वर्षांच्या पानांच्या डोक्यावर मी कोणी पाहिले, कोणी नाव सांगितले, कोणी लिहिले हे घालायला घेतले. होडीवाल्याला त्याचे पूर्ण नाव विचारले. इतक्या वर्षांत मला फक्त हाक मारायचे नाव माहीत होते. "माझा कित्याक?" तो म्हणाला. मी म्हटले, बघणाऱ्याचे नाव लागते. त्याने बापाचे नाव, आडनाव सगळे सांगितले, शाळेत हजेरीला उभे राहून सांगतात तसे, आणि मी ते लिहीत असताना माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. आडनावात एक वेलांटी चुकली होती, ती त्याने दुरुस्त करायला लावली.

पाणी चढू लागले. बेट कडेकडेने विरघळत गेले. पक्षी जागे झाले, थोडे मागे सरकले, पुन्हा थोडे मागे सरकले, आणि शेवटी वाळूची एक पट्टी उरली तिच्यावर सगळे दाटीने उभे राहिले. तो होडी आणायला गेला तेवढ्यात मी त्यांच्याकडे बघत होते. वही पिशवीत होती. पुस्तकही पिशवीतच होते, सकाळपासून.

सोमवारी प्राणिशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी वही उभ्यानेच उघडली, मग खुर्चीवर बसून पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी चहा टाकला. त्यांना पाने उलटायला वेळ लागत होता, मधेच त्या एखादे नाव मोठ्याने वाचत आणि स्वतःशी मान हलवत. होडीवाल्याचे नाव वाचून त्यांनी विचारले, हे कोण. मी सगळे सांगितले, थेंबांसकट. मग त्या गेल्या वर्षीच्या पानाच्या तळाशी आल्या.

"हे प्रश्नचिन्ह नंतरचं दिसतंय. पेन्सिल निराळी आहे. सरांनी घातलं?"

"नाही," मी म्हटले. "माझं आहे."

त्यांनी चांदणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग फार हळू आवाजात विचारले, मोठ्या यादीत याचे काय करायचे, घालायचा की गाळायचा.

"यादीत नको," मी म्हटले. "वहीत असू दे."

त्यांनी मान हलवली, पान उलटले आणि या वर्षीची नोंद वाचू लागल्या.